बेटावरच्या स्टारलिंगला उंदीर नि सापांचं एवढं भय का?

प्रश्न: पॅसिफिकमधल्या बेटांवरचे काही स्टारलिंग पक्षी उंदीर नि सापांमुळे संपले असं वाचलं. पण पक्षी उडून जाऊ शकतो ना?

उत्तर: मोठा पक्षी उडेल हो, पण अंडी नि पिल्लं कुठे जाणार? साळुंकीच्या कुळातल्या या स्टारलिंगांची (ॲप्लोनिस गटाची) घरटी बऱ्याचदा झाडाच्या ढोलीत असतात, उंदराला आयतंच. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटाजवळ १९१८ मध्ये मकांबो जहाज खडकावर आदळलं, त्यातले उंदीर किनाऱ्यावर उतरले आणि काही वर्षांत तिथला स्टारलिंग कायमचा गेला, फार वाईट वाटतं.

पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर मालासोबत ब्राउन ट्री स्नेक हा झाडावर चढणारा साप आला आणि जंगलातले बहुतेक पक्षी त्याने संपवले, मायक्रोनेशियन स्टारलिंग कसाबसा टिकलाय, तोही मुख्यतः अँडरसन एअर फोर्स बेस या अमेरिकी हवाई तळाच्या परिसरात. त्याच्यासाठी खांबांवर घरट्याच्या पेट्या लावल्यात. साप चढू नये म्हणून पत्र्याचं गुळगुळीत रुंद नळकांडं लावून बघितलं तर साप अंगाचा फास करून त्याला विळखा घालतो आणि हळूहळू वर सरकतो, हे कॅमेऱ्यात दिसलं, २०२१ मध्ये ते प्रसिद्धही झालं. म्हणजे फासच बसणार नाही असा खांब हवा. आणि हे करायलाच हवं, कारण फळं खाऊन जंगलात बिया पसरवणारे स्टारलिंगसारखे पक्षी तिथे आता जवळपास उरलेलेच नाहीत.