मेनूकार्डवर पदार्थांचे फोटो छापल्याचा खरंच फायदा होतो का?

तुम्ही किनाऱ्याजवळ छोटी मालवणी खानावळ सुरू करताय आणि छपाईवाला म्हणतोय, प्रत्येक पदार्थाचा फोटो टाका. तारकर्लीत आमची घरची खानावळ आहे, गिऱ्हाइकांची ऑर्डर मीच घेतो. माझं मत: फोटो टाका, पण मोजके, आणि स्वतःच्या ताटाचेच.

थाळीचा फोटो हवाच. माशाची तुकडी केवढी, आमटीची वाटी केवढी, सोलकढी थाळीतच की वेगळी, हे नागपूरहून आलेल्या माणसाला नुसतं वाचून कळत नाही. फोटोत ते दिसतं आणि बिलाच्या वेळी वाद होत नाही. कोंबडी-वड्यांचाही टाका. बाहेरच्या लोकांच्या डोळ्यांपुढे बटाटेवडे येतात. पुरीसारखे टम्म फुगलेले वडे पाहिले की ते निर्धास्त होऊन मागवतात.

रश्श्यांचे फोटो मात्र नकोत. सुंगटांची (कोळंबीची) आमटी काय, बांगड्याचं तिखलं काय, फोटोत सगळं लालच. तिथे एक ओळ जास्त कामाची: 'तिरफळ घातलेलं, आंबट-तिखट, काटे असतात.' पोरंबाळं बरोबर असली की काट्यांचं आधी विचारतातच.

अख्ख्या माशाचा फोटोही टाळा. सुरमई, पापलेट रोज वेगळ्या आकाराचं येतं, म्हणून तर भावाच्या जागी 'एपीएस', म्हणजे आकाराप्रमाणे, लिहितात. त्यात जून-जुलैत मासेमारी बंदी. मासळी नसली तरी छापलेलं पापलेट बघून गिऱ्हाईक तेच मागतं. आम्ही त्या दिवशीची मासळी परातीत घालून टेबलावर नेतो आणि भाव तिथेच सांगतो.

इंटरनेटवरून उचललेला फोटो तर कधीच लावू नका. त्यातली कोळंबी तुमच्या ताटात नसते, आणि पहिल्याच जेवणाला विश्वास उडतो. जपानमध्ये हॉटेलांच्या दर्शनी कपाटात पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती असतात. इवासाकी ताकिझो यांनी ओसाकात १९३२ साली हा धंदा उभा केला, तेव्हा त्या मेणाच्या असत, आता प्लॅस्टिकच्या. चांगली हॉटेलं आपलाच पदार्थ कारागिराला दाखवून त्या करून घेतात. मला हे फार पटतं.

फोटो दुपारी, खिडकीच्या उजेडात काढा. रोज वाढता तेवढंच वाढा, रोजच्याच ताटात. लॅमिनेशन चकचकीत नको, ट्यूबलाइट त्यावर चमकते आणि काही दिसत नाही. आणि मासळीच्या भावाचं पान सुटं ठेवा, ते सारखं बदलावं लागतं.