ट्रंकेतले कागद वाटू नका, आणि ती वही तर मुळीच बाजूला काढू नका

तुमच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या सासरी माळ्यावर 1840 च्या दशकापासूनची पत्रं, शेताचे हिशेब आणि यादवी युद्धातला पत्रव्यवहार सापडलाय. भावंडं तो वाटून घेणार आहेत आणि गुलामांची नावं असलेली हिशेबाची वही लाज वाटते म्हणून बाजूला काढायची म्हणताहेत. अशा कागदांत माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वहीबद्दल. 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांची वेगळी नोंद झाली, पण ती मालकाच्या नावाखाली: वय, लिंग, वर्ण एवढंच. नावं जवळपास नाहीतच. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबांचे पूर्वज जनगणनेत नावानिशी पहिल्यांदा भेटतात ते 1870 साली. त्यामागे जायचं तर मालकांच्या घरचे कागद हाच मोठा आधार. कापड, जोडे, घोंगड्या वाटल्याच्या याद्या, जन्मांच्या नोंदी, मृत्युपत्रं. अशा यादीत कधीकधी आईच्या नावाखाली तिच्या मुलांची नावं असतात. ती एक ओळ कुणाच्या तरी पणजीची आई शोधून देते. तुमच्या सासरच्यांची लाज मला कळते, पण त्या नावांवर त्या माणसांच्या वंशजांचा हक्क मोठा आहे.

वाटणी तर नकोच. आघाडीवरून आलेलं पत्र एका घरी आणि त्याचं उत्तर दुसऱ्या घरी गेलं की दोन्ही मुकी होतात. फितीने बांधलेले गठ्ठे तसेच राहू द्या, कुणीतरी विचार करून ते बांधलेत. हवं तर सगळं स्कॅन करून प्रत्येकाला प्रत द्या. मूळ कागद मात्र एकत्र ठेवा.

ट्रंका माळ्यावरून आजच उतरवा. तिथल्या उन्हाळ्यातली उष्णता आणि दमटपणा कागदाचा जीव घेतो. खाली घरातल्या थंड, कोरड्या खोलीत ठेवा. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको. रबरबँड आणि गंजलेल्या टाचण्या जपून काढा. एक गोष्ट अनेकांना खरी वाटत नाही: 1840 चा चिंध्यांपासून केलेला कागद बहुधा शाबूत असतो, तुकडे पडतात ते 1920 च्या वर्तमानपत्री कात्रणांचे, कारण तो कागद लाकडाच्या लगद्याचा. ती कात्रणं आधी वेगळी करा, शेजारच्या कागदांवर डाग पाडतात. कुठल्या गठ्ठ्यातली ते मात्र लिहून ठेवा.

सासूबाईंजवळ बसून फोटो दाखवा, बोलणं रेकॉर्ड करा. पत्रांत घरगुती टोपणनावंच फार असतात, आणि ती कुणाची हे सांगणारं माणूस त्यांच्यानंतर उरणार नाही.

कागद कुठे द्यायचेच ठरले तर नॉर्थ कॅरोलायनातल्याच चॅपल हिलच्या विद्यापीठातलं ‘सदर्न हिस्टॉरिकल कलेक्शन’ हे जुन्या कागदपत्रांचं संग्रहालय याच कामासाठी 1930 मध्ये उभं राहिलं. जे. जी. डी रूलाक हॅमिल्टन या प्राध्यापकांनी गाडीने दक्षिणभर फिरून घराघरांतून कागद गोळा केले. डरहॅमजवळच्या स्टॅगव्हिलच्या कॅमेरन या मोठ्या गुलाममालक कुटुंबाचे कागदही तिथेच आहेत. देणगीपत्र नीट वाचा. हयात माणसांबद्दलची पत्रं काही वर्षं बंद ठेवण्याची अट घालता येते का, ते सहीआधी विचारा. करसवलत घ्यायची असेल आणि किंमत 5000 डॉलरच्या वर जात असेल, तर मूल्यांकन बाहेरच्या जाणकाराकडून करून घ्यावं लागतं. संग्रहालयाला फोन मात्र काहीही निवडण्याआधी, सगळं आहे तसं असतानाच करा.