डोकं न लावता मोर कसा उमटतो?

प्रश्न: वडील पूर्व भागात चादरीच्या मागावर आहेत. डिझाइनकडे बघतही नाहीत तरी मोर बरोबर येतो. मित्र म्हणतो बिनडोक काम आहे. खरंय का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: अजिबात नाही! मोराचा विचार आधीच कुणीतरी करून ठेवलाय, तो मागावरच्या जकार्ड यंत्राच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांत असतो. फ्रान्समधल्या जकार्डनं १८०४ च्या सुमारास हे यंत्र आणलं, पुठ्ठ्याला भोक असेल तिथं सुई आत जाते आणि ताण्याचा (म्हणजे उभा) तेवढाच धागा वर उचलला जातो, भोक नाही तर धागा खालीच, असं ओळीमागून ओळ (पुढं कॉम्प्युटरलाही अशीच कार्डं लागायची). म्हणून तर वडिलांचं सगळं लक्ष धाग्यावर राहतं. एकदा शेजारी उभे राहा, एवढ्या खडखडाटात धागा तुटला की त्यांचा हात लगेच माग थांबवायला जातो, आपल्याला कुठं तुटला ते दिसतसुद्धा नाही.