विटनेस मिररशी बोलतो का?

प्रश्न : आमच्याकडे एसक्यूएल सर्व्हर २००८ आर-टूवर डेटाबेस मिररिंग आहे : मुख्य सर्व्हर तो प्रिन्सिपल, त्याच्या डेटाबेसची ताजी प्रत सांभाळणारा दुसरा तो मिरर. हाय सेफ्टी मोड (बदल दोन्हीकडे नोंदला गेला तरच पक्का), सोबत विटनेस, म्हणजे दोघांवर नजर ठेवणारा तिसरा पहारेकरी. 'सेट पार्टनर फेलओव्हर' हा हुकूम दिला की काही सेकंदांत भूमिका बदलतात, तीनदा करून पाहिलंय. पण गेल्या आठवड्यात प्रिन्सिपलचा पॉवर सप्लाय जळाला आणि मिरर ढिम्म हलला नाही, नुसता 'डिस्कनेक्टेड' दाखवत बसला. त्याच्या एरर लॉगमध्ये १४७९ क्रमांकाची एरर आहे. टाइमआउट वाढवू का?

उत्तर : टाइमआउटला हात लावू नका. वाढवलात तर फक्त उशीर वाढेल. १४७९ हा आजार नाही, ती खबर आहे : समोरून ठरलेल्या वेळात काही उत्तर आलं नाही, एवढंच मिरर सांगतोय. म्हणजे प्रिन्सिपल गेल्याचं त्याला कळलं होतं. कळूनही तो उठला का नाही, ते शोधायचंय.

तुमच्या त्या तीन चाचण्यांनीच तुम्हाला गाफील ठेवलं. 'सेट पार्टनर फेलओव्हर' तुम्ही जिवंत प्रिन्सिपलवर देता आणि दोघे पार्टनर आपसांत उरकून घेतात. विटनेसला कुणी विचारत नाही. विटनेस नसलेल्या जोडीतही हा हुकूम तसाच चालतो. आपोआप फेलओव्हर करायचा तर मिररला एकट्याला तो अधिकार नाही, तिघांत दोघांचं एकमत लागतं. मिरर आणि विटनेस एकमेकांना दिसायला हवेत, दोघांनाही प्रिन्सिपल दिसता कामा नये, आणि संपर्क तुटला तेव्हा डेटाबेस सिंक्रोनाइज्ड, म्हणजे दोन्हीकडे सारखा, असायला हवा.

तेव्हा नवं मशीन उभं राहून जोडी जुळली की 'सिस डॉट डेटाबेस मिररिंग' हा मिररिंगची स्थिती दाखवणारा व्ह्यू उघडा, पण प्रिन्सिपलवर नव्हे, मिररवर. विटनेस स्टेटचा रकाना बघा. प्रिन्सिपलवर 'कनेक्टेड' आणि मिररवर 'डिस्कनेक्टेड' असं दिसेल, असा माझा होरा आहे. सेटअप करणारा माणूस प्रिन्सिपलवर बसलेला असतो, तिथून विटनेसपर्यंतचा रस्ता तो फायरवॉलमध्ये मोकळा करून घेतो आणि मिररपासून विटनेसपर्यंतचा विसरतो. मिररवरून विटनेसच्या एंडपॉइंट पोर्टला (मिररिंगचं बोलणं ज्या दारातून चालतं त्याला) टेलनेट करून जोडणी लागते का बघा. बहुतेक ठिकाणी तो ५०२२ असतो. पोर्ट लागत असेल तर मिररच्या सर्व्हिस अकाउंटला त्या एंडपॉइंटवर कनेक्टची परवानगी आहे का ते पाहा. तिन्हीकडे वेगवेगळी अकाउंट असली की इथेच गोम निघते.

विटनेस कुठे बसवलाय, ते तुम्ही कळवलं नाहीत. प्रिन्सिपलच्याच मशीनवर असेल तर वरचं सगळं सोडा, पॉवर सप्लायबरोबर तोही गेला. मिररच्या मशीनवर ठेवणंही वाईटच, आणि हे मी स्वतःच्या करणीने शिकलोय. एका ठिकाणी तिसरं मशीन मिळेना, म्हणून मी विटनेस मिररच्या शेजारीच बसवला. एका रात्री अपडेटसाठी मिरर रीस्टार्ट केला, तेही अगदी निवांत. प्रिन्सिपल तर चालू होता! दोन मिनिटांत फोन वाजला. सर्व्हिस चालू, डिस्क ठणठणीत, आणि डेटाबेस कुणालाच उघडेना. मिरर आणि विटनेस एकदम दिसेनासे झाल्यावर प्रिन्सिपल एकटा पडला होता आणि नियमाप्रमाणे त्याने दार लावून घेतलं होतं. आरसा पुसायला गेलो आणि चेहराच गेला. विटनेसला दांडगं मशीन लागत नाही, एक्स्प्रेस एडिशनही पुरते. फक्त ते तिसरं हवं.

दुरुस्तीनंतर चाचणी घ्याल ती हुकूम देऊन नको. एकदा प्रिन्सिपलची सर्व्हिस बंद करा, एकदा नेटवर्कची केबल उपसा. पहिल्यात पलीकडे लगेच कळतं. दुसऱ्यात टाइमआउट भरावा लागतो, मुळात तो १० सेकंदांचा असतो. (मिररिंग २०१२च्या आवृत्तीपासून निवृत्तीच्या यादीत आहे, पण पत्रं काही थांबत नाहीत.)

प्रश्न : फेलओव्हर नीट झाला, पण अॅप्लिकेशनला ४०६० एरर (डेटाबेस उघडता येत नाही) येते. लॉगिन दोन्ही सर्व्हरवर आहे, पासवर्डही तोच.

उत्तर : नाव आणि पासवर्ड तोच, पण एसआयडी, म्हणजे लॉगिनचा आतला ओळख क्रमांक, वेगळा. लॉगिन सर्व्हरच्या मास्टर नावाच्या सिस्टिम डेटाबेसमध्ये राहतं, ते मिरर होत नाही; डेटाबेसमधला युजर मात्र जुना एसआयडी घेऊन पलीकडे जातो. 'ऑल्टर युजर'ने तिथल्या तिथे जोडलात तर आज चालेल, पण तो बदल डेटाबेसबरोबर मिरर होईल आणि परत फिराल तेव्हा हीच एरर पहिल्या सर्व्हरवर येईल. दुसऱ्या सर्व्हरवरचं लॉगिन काढा आणि 'क्रिएट लॉगिन'मध्ये पहिल्याचा एसआयडी देऊन नव्याने बनवा. डोमेनच्या विंडोज लॉगिनना ही कटकट नाही. आणि हो, ठरल्या वेळी चालणारे जॉब एमएसडीबी या दुसऱ्या सिस्टिम डेटाबेसमध्ये असतात, तेही मिरर होत नाहीत. फेलओव्हर झाल्यापासून तुमचा रात्रीचा बॅकअप चाललाय का, ते आजच बघून घ्या.