"मॅडम, तुम्ही माझं इन्स्टा बघता का?"

समुपदेशनाच्या पहिल्या-दुसऱ्या भेटीतच हा प्रश्न येतो, बहुतेकदा निघताना, दाराशी उभं राहून. काहींना आपण बघितलेलं नको असतं. काहींना कुणीतरी बघावं असं आतून वाटत असतं, पण ते बोलून दाखवत नाहीत.

एका तरुणीच्या बाबतीत दोन्ही खरं होतं (तपशील अर्थातच बदलले आहेत). झोप उडालेली, काम रखडलेलं आणि इन्स्टाग्रामवर रोज हसरं रील.

"तुम्हीच उघडून बघा ना, म्हणजे सगळं सांगत बसावं लागणार नाही."

"बघून मला काय कळेल?"

"मी मजेत आहे, असं." आणि ती गप्प झाली.

विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे घटनेपेक्षा तिच्याबद्दलच्या मनातल्या विचारावर काम करणाऱ्याला हे नवं नाही. पोस्ट ही नुसती घटना. ती टाकताना मनात चाललेलं वाक्य पोस्टमध्ये नसतं. पोस्टची भाषा तपासणाऱ्या यंत्राला काहीच कळत नाही असं मात्र नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६८३ रुग्णांनी आपल्या फेसबुक पोस्ट संमतीने वाचायला दिल्या होत्या. त्यांपैकी ११४ जणांना नैराश्याचं निदान झालेलं होतं. त्यांच्या निदानाआधीच्या भाषेत 'मी', 'माझं' जास्त आढळलं. पण अशा भाषेवरून यंत्राने बांधलेला नैराश्याचा अंदाज मध्यम अचूकतेचा, आणि तोही परवानगीने मिळालेल्या मजकुरावरचा. परवानगी वगळली की काय होतं, ते २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये दिसलं. समॅरिटन्स या संस्थेने ट्विटरवरच्या निराश वाक्यांची सूचना त्या व्यक्तीच्या फॉलोअर्सना देणारं ॲप काढलं. सूचना छळणाऱ्याच्याच हाती पडू शकते, असा आक्षेप आला आणि दहा दिवसांच्या आत ते बंद करावं लागलं.

म्हणून मी खातं उघडत नाही. आधी ज्याचं त्याने वाचायचं. तिला सांगितलं, सेटिंग्जमधून आपली माहिती डाउनलोड करा, पण सगळी नको. फक्त गेल्या तीन महिन्यांची. मेसेज वगळा, त्यांत मैत्रिणींचंही खासगी असतं आणि त्यांना आपण विचारलेलं नाही. फॉरमॅट एचटीएमएल निवडा, दुसरा सहज वाचता येत नाही. फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरवू नका. मग सलग चौदा दिवस निवडून कागदावर तीन रकाने करा: वेळ, काय टाकलं, तेव्हा मनात काय होतं. चौदाच का? नैराश्याची नऊ प्रश्नांची नेहमीची प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांबद्दलच विचारते, आणि आपली आठवण आजच्या मूडने रंगलेली असते.

पुढच्या भेटीत ती कागद घेऊन आली. तिसरा रकाना दोन ठिकाणी कोरा.

"सगळ्यात हसरं रील पहाटे पावणेतीनचं आहे," ती म्हणाली. "त्या रात्री मी रडत होते."

"आणि त्याआधीचे दोन दिवस?"

बराच वेळ ती कागदाकडे बघत राहिली. "मैत्रिणीला मी व्हॉइस नोट पाठवते, नेहमी. त्या दोन दिवसांत नुसता अंगठा पाठवलाय."

घसरण सुरू झाल्याची तिची खूण हीच, पोस्टमध्ये कुठेच न दिसणारी. ती मला सापडली नसती, हे कबूल करायला हवं. तिला सापडावी अशी जागा मात्र आम्ही नीट आखली होती.

इतर कुणाला दाखवायचं तर परवानगी तोंडी नको, कागदावर हवी: काय दाखवायचं, कुणाला, कोणत्या तारखेपर्यंत, नंतर फाइल कोण पुसणार. नुसतं 'माझा डेटा वापरा' यात नोकरीच्या मालकापासून विमा कंपनीपर्यंत कुणीही मावतं. सगळ्यात घातक गैरसमज म्हणजे 'मी पोस्ट टाकली की मॅडमना कळेल'. रात्री दोनला आमच्याकडे कुणीही फीड बघत बसलेलं नसतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर दोन माणसांचे आणि हेल्पलाइनचा नंबर कागदावर लिहून उशाशी ठेवायचा आणि फोन लावायचा. पहिल्याच भेटीत हे तीनही नंबर मी लिहून घेते.

तिच्या कागदावर होतं: चौदा दिवसांचा तक्ता मनोविकारतज्ज्ञांना दाखवायला हरकत नाही, भावाला नाही. दोन महिन्यांनी तिने पहिला भागही खोडला. कारण विचारलं नाही. डॉक्टरांना तसं कळवलं आणि आमच्याकडची प्रत तिच्यासमोर फाडली.