कुत्र्याला ‘बॉस’ व्हायचे असते का?

वाचकांचे प्रश्न : श्वानपालन

या खेपेची बहुतेक पत्रे एकाच वादाची आहेत: कुत्र्याला धाकात ठेवायचे की खाऊ देऊन शिकवायचे? एका घरातून तर नवऱ्याचे आणि बायकोचे अशी दोन पत्रे आली, दोघांची मते अर्थातच उलट.

प्रश्न : आमचा अकरा महिन्यांचा लॅब्रेडोर सोफ्यावर चढतो, दार उघडले की आमच्याआधी बाहेर पळतो. ट्रेनर म्हणतात, तो स्वतःला ‘अल्फा’, म्हणजे कळपाचा म्होरक्या, समजतो. त्याला उताणा पाडून शांत होईपर्यंत दाबून धरा, आधी तुम्ही जेवा, मग त्याला वाढा. असे करावे का? – कोथरूड

दाबून धरू नका. जेवायचे कधी, ते तुमच्या सोयीने ठरवा. कुत्रा त्यावरून काही अनुमान काढत नाही.

‘अल्फा’ची कल्पना आली कुठून, ते सांगतो. रूडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहून १९४७ मध्ये एक निबंध लिहिला. ते लांडगे लहानशा कुंपणात कोंडलेले होते. भांडण झाले तर निघून जायला जागा नाही, त्यामुळे वरचष्म्यासाठी मारामाऱ्या व्हायच्या. अमेरिकी संशोधक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ही कल्पना घरोघरी नेली. पुढे त्याच मेक यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्स्मियर बेटावर १९८६ पासून उन्हाळ्यामागून उन्हाळे मोकळे लांडगे पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिले की रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंबच: आई, बाप आणि गेल्या एक-दोन वर्षांतली पिल्ले. तिथे कोणी लढून नेता होत नाही. आई-बाप आहेत म्हणून पिल्ले त्यांच्यामागे जातात. आपले पुस्तक आता छापू नका, असेही त्यांनी प्रकाशकाला सांगितले. ट्रेनिंगचा धंदा मात्र १९७० मध्येच मुक्कामाला राहिला.

शिवाय कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे. तुमच्याच गल्लीत बघा. जो कुत्रा बिस्किटासाठी दुसऱ्यावर धावून जातो, तोच गाडीखालच्या सावलीची जागा त्याला मुकाट्याने सोडतो. कोणाला काय किती हवे आहे, त्यावर हे ठरते. ‘वर्चस्व’ हा शब्द अभ्यासक वापरतात तो दोन प्राण्यांमधल्या अशा संबंधासाठी. तो कुत्र्याचा स्वभाव नव्हे, आणि माणसाविरुद्धचा कट तर नव्हेच.

सोफा मऊ आहे म्हणून तो चढतो, आणि बाहेर मजा आहे म्हणून पळतो. दाराचा इलाज सोपा आहे. पट्टा लावून दारापाशी उभे राहा, कडी काढा, दार चार बोटे उघडा. तो घुसला तर लावून घ्या. अर्थात नाक मध्ये सापडू देऊ नका. मागे सरकला किंवा बसला की पुन्हा उघडा. दोन सेकंद थांबला की ‘चल’ म्हणा. बाहेर जाणे हेच बक्षीस, खाऊचीसुद्धा गरज नाही. दिवसातून दोनदा, दरवेळी सात-आठ आवर्तने केली तर बहुतेक कुत्र्यांना आठवड्याभरात उमगते.

उताणे दाबण्याचा धोका आकड्यांत सांगता येतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या दवाखान्यात वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० मालकांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांनी कुत्र्याला उताणे दाबले होते, त्यांपैकी ३१ टक्क्यांवर कुत्रा उलटला होता. मारले किंवा लाथाडले होते त्यांपैकी ४३ टक्क्यांवर. नुसते रोखून बघण्यानेही ३० टक्के कुत्रे अंगावर आले. खाली दाबलेला कुत्रा निपचित पडतो त्याला ट्रेनर ‘शरण आला’ म्हणतात. तो घाबरून गोठलेला असतो.

प्रश्न : जेवताना जवळ गेले की आमची कुत्री गुरगुरते. सासरे म्हणतात, वाटीत हात घालून सवय लावा आणि गुरगुरली की थोबाडीत द्या. घरात चार वर्षांचा नातू आहे. – नाशिक

सर्वात आधी नातू. तिच्या जेवणाच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत, दार बंद. यात तडजोड नको.

आता गुरगुरणे. ती सांगते आहे की ‘जवळ येऊ नका, मला भीती वाटते’. मारून तुम्ही ते बोलणे बंद कराल, भीती तशीच राहील. मग एक दिवस कुत्रा ‘काहीही न सांगता’ चावतो. सांगत होता, आपण गप्प केले. आणि वाटीत हात घालून तुम्ही तिला नेमके तेच शिकवाल, ज्याची तिला शंका आहे: माणूस जवळ आला की जेवण धोक्यात.

पहिला आठवडा काहीच शिकवू नका. भिंतीलगत, कोणाची ये-जा नसेल अशा कोपऱ्यात जेवण द्या, खाऊन ती उठून गेली की वाटी उचला. या काळात लांबून तिचे अंग वाचायला शिका. गुरगुर हा बराच उशिराचा टप्पा आहे. त्याआधी खाण्याचा वेग वाढतो, मान वाटीवर झुकून अंग ताठ होते, डोके न हलवता डोळा तुमच्याकडे वळतो आणि त्याच्या कडेला पांढरा चंद्रकोरीसारखा भाग दिसतो.

दुसऱ्या आठवड्यापासून मोठ्या माणसाने सुरुवात करावी. यातले काहीच दिसत नाही इतक्या अंतरावर उभे राहा. समजा आठ फूट. तिथून उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा वाटीच्या दिशेने टाका आणि लगेच पाठ फिरवून निघून जा. एका जेवणात असे पाच-सहा वेळा. तुम्हाला पाहून ती मान वर करून ‘आणलंस का?’ अशी बघायला लागली, शेपूट सैल राहिली आणि सलग तीन जेवणे असेच झाले, की अर्धा फूट पुढे. वाटीपर्यंत पोचायला तीन आठवडेही लागतील, दोन महिनेही.

हे फसते ते ठरलेल्या कारणांनी. एका दिवसात तीन फूट पुढे सरकलेले असतात. तुकडा टाकून कौतुकाने तिथेच उभे राहिलेले असतात. किंवा वाटीत चिकन-भात आणि हातात कोरडे बिस्कीट, म्हणजे बक्षीस जेवणापेक्षा कमी दर्जाचे. गुरगुरली तर रागावू नका. दोन फूट मागे जाऊन उद्या तिथून सुरू करा.

चप्पल पळवली तर पाठलाग नको. पाच-सहा तुकडे तिच्यापासून लांब जमिनीवर पसरा, ती वेचायला गेली की चप्पल उचला. पूर्वी न गुरगुरणारी कुत्री अचानक गुरगुरू लागली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. दात, कान किंवा सांधा दुखत असू शकतो. आणि दात लागलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुत्रीचे लसीकरण झालेले असले तरीही.

प्रश्न : चोक चेनने (ओढले की गळ्याभोवती आवळणाऱ्या साखळीने) आमचा कुत्रा एका दिवसात ओढायचा थांबला. मग ती वाईट का? – ठाणे

चोक चेन काम करते, हे नाकारण्यात अर्थ नाही. झटका दिला, ओढणे थांबले. मालकालाही लगेच फळ मिळते, म्हणून हात पुन्हापुन्हा झटका द्यायला शिवशिवतो.

प्रश्न असा की कुत्र्याने त्यातून काय शिकले. समोरून दुसरा कुत्रा आला, तुमचा पुढे धावला, गळ्याला फास बसला. असे वीस वेळा झाले की दुसरा कुत्रा दिसणे म्हणजे गळा दुखणे. ‘हा आधी खेळकर होता, हल्ली इतरांवर भुंकतो’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे सापडते. शरीराचे नुकसान वेगळे. गळपट्ट्यावर ताण आला की कुत्र्याच्या डोळ्यातला दाब वाढतो, हार्नेसवर (छातीभोवती बांधायच्या पट्ट्यावर) वाढत नाही, हे मोजून पाहिलेले आहे.

छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस आणि सहा फुटांचा साधा पट्टा घ्या. लांब-आखूड होणारा गुंडाळी पट्टा शिकवण्याच्या काळात नको, त्यात ओढले की लांबी मिळते. पहिला धडा घरात किंवा रिकाम्या पार्किंगमध्ये घ्या. कुत्रा तुमच्या मांडीशी असेल तेव्हा पँटच्या शिवणीपाशी तुकडा द्या. आधी दर पावलाला, मग तीन पावलांनी, मग पाच. पट्टा ताणला की झाडासारखे उभे राहा. सैल झाला की चाला. पहिल्या आठवड्यात वीस मीटरला दहा मिनिटे लागतील, म्हणून ऑफिसची घाई असताना हा धडा नको. सकाळी तुम्ही थांबता आणि संध्याकाळी मुलगा त्याच्यामागे फरफटत जातो, असे चालले तर ओढण्याची सवय उलट पक्की होते. कधीमधी लागणारी लॉटरी माणसालाही सोडवत नाही.

प्रश्न : खाऊ हातात असेल तरच ऐकतो. हे ट्रेनिंग की लाच? शिवाय आमचे घर शाकाहारी आहे. – सांगली

तुम्ही करताय ती लाच. लाच आधी दाखवतात, पगार काम झाल्यावर मिळतो. हात रिकामा ठेवून ‘बस’ म्हणा. बूड टेकताच ‘यस’ किंवा ‘शाब्बास’ असा एकच ठरलेला शब्द उच्चारा, मग फडताळावरच्या डब्यातून तुकडा द्या. शब्द बूड टेकल्यापासून एका सेकंदात आला पाहिजे. उशीर झाला आणि तो उठून उभा राहिला, की तुम्ही उभे राहण्याचे पैसे दिलेत. दहांपैकी आठ वेळा न चुकता बसू लागला की बक्षीस कधी द्या, कधी नुसते पाठ थोपटा. तुकडा मटारच्या दाण्याएवढा हवा, आणि असा खाऊ रोजच्या आहाराच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये.

शाकाहारी घरात पनीर, उकडलेले रताळे, लाल भोपळा, गाजर चालेल. द्राक्षे, बेदाणे, कांदा, चॉकलेट आणि झायलिटॉलचे (साखरेऐवजी वापरायच्या गोड पदार्थाचे) शुगर-फ्री च्युइंगगम विषारी. प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणाही नको.

प्रश्न : पिल्लाने घरात शू केली की नाक त्यात घासावे असे सगळे सांगतात. – म्हापसा, गोवा

नको. तुमच्यासमोर शू करणे धोक्याचे, एवढेच ते शिकेल. मग सोफ्यामागे करेल आणि फिरायला नेल्यावर तुमच्यापुढे करणारच नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि एरवी दर दोन तासांनी बाहेर न्या. केली की तिथेच तुकडा, घरी आल्यावर नव्हे. घरातली जागा एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा. फिनाईलने वास आपल्या नाकाला जातो, त्याच्या नाही.

प्रश्न : बेल वाजली की भुंकणे थांबवायला शॉक कॉलर (विजेचा झटका देणारा गळपट्टा) घेऊ का? आणि खाऊवाल्या पद्धतीत शिक्षा अजिबातच नसते का? – डोंबिवली

कॉलर घेऊ नका. वेल्समध्ये २०१० पासून त्यावर बंदी आहे. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये ६३ कुत्र्यांवर पाहिले, तर बोलावल्यावर येण्यात शॉकने शिकवलेले कुत्रे सरस ठरले नाहीत. पहिल्याच हाकेला येण्यात बक्षिसाने शिकलेलेच पुढे होते. तुमच्याकडे तर बेल, डिलिव्हरीवाला आणि गळ्याला झटका हे तिन्ही एकाच क्षणी येतील, आणि कुत्रा त्याचा दोष डिलिव्हरीवाल्याला देईल. त्याऐवजी बेलचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करा. अगदी हळू वाजवा आणि दारापासून लांब अंथरलेल्या चटईवर खाऊ टाका. रोज दहा वेळा. आवाज थोडा थोडा वाढवत न्या.

शिक्षेचे म्हणाल तर असते, पण ती हवे ते काढून घेण्याची. खेळताना दात लावले की खेळ बंद, तुम्ही वीस सेकंद खोलीबाहेर. ‘कुत्र्याला कधीच नाही म्हणू नये’ असे सांगणारे लोकही आम्हाला तितकेच अडचणीचे वाटतात. सोफा नको असेल तर नको. पण मग खाली त्याचे अंथरूण घाला आणि तिथे बसण्याचा मोबदला द्या.

ट्रेनर ठरवताना तीन प्रश्न विचारा. बरोबर केले की कुत्र्याला काय मिळेल? चुकले की काय होईल? आणि शिकवताना आम्ही समोर बसू का? पोर्तुगालमध्ये पोर्तो शहरातल्या ट्रेनिंग शाळांतल्या ९२ कुत्र्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धाकाने शिकवलेली कुत्री वारंवार जांभया देत, ओठ चाटत होती (ही ताणाची लक्षणे) आणि धड्यानंतर त्यांच्या लाळेत कॉर्टिसोल, म्हणजे ताणात वाढणारे संप्रेरक, वाढलेले होते. लाळ तपासायची सोय तुमच्याकडे नसेल. जांभया मात्र तुम्हालाही मोजता येतील. म्हणून ‘वीस दिवस आमच्याकडे ठेवा, शिकवून परत देतो, मध्ये भेटायला येऊ नका’ असे सांगणाऱ्याकडे कुत्रा ठेवू नका.