गावाजवळ पॅसेंजर गाडीचं स्टेशन झालं की गावाला खरंच फायदा होतो का?

तुम्ही विचारलंय की स्टेशन मंजूर झालंय, त्याने रोजगार वाढेल की नुसत्या जमिनी महागतील. मी सावंतवाडीकडचा, आमचं स्टेशन मळगावला, शहरापासून चांगलं सात-आठ किलोमीटर लांब, म्हणून बघितलंय तेवढं सांगतो.

कोकण रेल्वे १९९८ला पूर्ण सुरू झाली. त्याआधी मुंबई म्हणजे रात्रभर एसटी, घाटात उलट्या, आणि गावात कोणी वारलं की मुंबईचा मुलगा पोचेपर्यंत सगळं आटपलेलं असायचं. आता लोक गणपतीत दीड दिवसासाठी पण येऊन जातात. पण बंद घरं काय उघडली नाहीत, उलट जाणं सोपं झालं म्हणून बारावी झाली की पोरं सरळ मुंबईला.

धंद्याचं म्हणाल तर रिक्षावाले, वडापाव-चहाच्या टपऱ्या, लॉजवाले, यांचं बरं चाललं. आंब्याची पेटी मात्र आमच्याकडून अजून ट्रकनेच जाते, कारण गाडी थांबते दोन मिनिटं, तेवढ्यात पन्नास पेट्या चढवणार कोण? गोव्यात कामाला जाणारी पोरं रोज बाइकने जातात, रूळ दारात असून, कारण ड्युटीच्या टायमाला गाडी नाही. म्हणजे स्टेशनपेक्षा टाइमटेबल बघा. आमची आजी रात्री सामान घेऊन उतरली की एकच म्हणायची, "गाडी इली, पण घराकडे नेतलो कोण?" शेवटची एसटी गेलेली असायची आणि रिक्षावाला मागेल ते द्यायचं.

अजून एक, आमचा बराचसा मार्ग एकेरी आहे, त्यामुळे कडवई, वेरवली, खारेपाटण, आचिर्णे ही नवी स्टेशनं मुळात गाड्यांच्या क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरून येणारी गाडी जाईपर्यंत एकीला बाजूला उभं करायला, झाली. तुमचंही तसलंच असेल तर एक्सप्रेस तुमच्या डोळ्यासमोर दहा मिनिटं उभी राहील आणि तुम्हाला तिचं तिकीट मिळणार नाही. तेव्हा ग्रामसभेत आत्ताच विचारून घ्या, कुठली गाडी थांबणार, किती वाजता, आणि एसटी प्लॅटफॉर्मपर्यंत येणार का.

जमिनीचे भाव वाढतात, खरंय, पण आमच्या काकांनी स्टेशनची नुसती बातमी ऐकून रस्त्याकडचा तुकडा विकला, घेणारा बाहेरचा, आज तिथे त्याचं लॉज आहे आणि काका तिथेच बसून चहा पितात, विकत घेऊन. निदान पहिली गाडी थांबेपर्यंत तरी सातबारा कोणाच्या हातात देऊ नका.